डिग्री न घेतलेल्या माणसाने समुद्रतळाचा चिखल जपून ठेवला, म्हणून आज कळतंय की समुद्रातले शंख पातळ होतायत

२०२० साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी एक तुलना जगासमोर ठेवली. एका बाजूला होते १८७० च्या दशकात प्रशांत महासागरातून गोळा केलेले इवलेसे शंख, वाळूच्या कणाएवढे. दुसऱ्या बाजूला होते त्याच जातींचे, त्याच महासागरातले, पण २००९ नंतर गोळा केलेले शंख.

दोन्ही सीटी स्कॅनमध्ये घातले. हॉस्पिटलमध्ये माणसाचा करतात तसाच स्कॅन, फक्त कणाएवढ्या वस्तूचा.

निकाल असा आला की नवे शंख जुन्यांपेक्षा पातळ होते. काही ठिकाणी तर तब्बल ७६ टक्क्यांपर्यंत पातळ. काही कवचं इतकी नाजूक होती की त्यांचं मोजमाप घेणंच अवघड झालं.

ही तुलना शक्य झाली, कारण दीडशे वर्षांपूर्वी एक जहाज जगभर फिरून समुद्राच्या तळाचा चिखल आणि पाण्यावरचे जीव गोळा करत होतं. आणि त्या जहाजावर एक असा माणूस होता जो या चिखलाकडे कचरा म्हणून बघायला तयार नव्हता.

त्याचं नाव सर जॉन मरे. आधुनिक समुद्रविज्ञानाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, पण कॉलेजची पदवी त्यांनी कधी घेतलीच नाही.

आजोबांच्या घरी आलेला पोरगा

जॉनचा जन्म ३ मार्च १८४१ चा, कॅनडातल्या कोबर्ग गावचा. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे, नशीब काढायला कॅनडात गेलेले. सतराव्या वर्षी जॉनला शिक्षणासाठी परत स्कॉटलंडला, आईच्या वडिलांकडे पाठवलं. आजोबांना वस्तू जमवायचा नाद होता आणि गावात त्यांनी एक संग्रहालयच उभं केलं होतं. नातवालाही तीच सवय लागली. दिसेल ते उचलायचं, नीट ठेवायचं, त्यावर नोंद लिहायची.

पुढे तो एडिंबरा विद्यापीठात डॉक्टरकीला गेला. पण परीक्षा देऊन पदवी घ्यायची या प्रकारात त्याला रस नव्हता. ज्या प्राध्यापकाचा विषय आवडेल त्याच्या वर्गात बसायचं, प्रयोगशाळेत रमायचं, बस.

१८६८ साली तर त्याने कहरच केला. पदवी हातात नसताना 'यान मायेन' नावाच्या देवमासे पकडणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून तो चढला. उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात सात महिने काढले. खलाशांवर उपचार करता करता समुद्रातले जीव गोळा केले, प्रवाहांच्या आणि बर्फाच्या नोंदी केल्या.

परत आल्यावर तो पुन्हा एडिंबऱ्यात, भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांच्या प्रयोगशाळेत.

आणि इथेच त्याचं नशीब उघडलं.

एक जण गळला आणि मरे आत आले

त्या काळी खोल समुद्रात काय आहे हे कुणालाच धड माहीत नव्हतं. तिथे जीव असतात की नाही यावरच विद्वानांमध्ये वाद होते. ब्रिटिश नौदल आणि रॉयल सोसायटीने मिळून ठरवलं की एक जहाज खास याच कामासाठी पाठवायचं. जहाजाचं नाव 'चॅलेंजर'. ही युद्धनौका होती, पण तिच्यावरच्या बहुतेक तोफा उतरवल्या आणि त्या जागी प्रयोगशाळा, दुर्बिणी, बरण्या आणि मैलोन्‌मैल दोर भरले.

शास्त्रज्ञांच्या तुकडीचे प्रमुख होते प्राध्यापक वायव्हिल थॉमसन. निवड झालेल्यांपैकी एकाने ऐनवेळी माघार घेतली. टेट यांनी मरे यांचं नाव सुचवलं आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी मरे चॅलेंजरवर आले.

डिसेंबर १८७२ मध्ये जहाज निघालं आणि मे १८७६ मध्ये परत आलं. साडेतीन वर्षांत ६८,८९० सागरी मैलांचा प्रवास झाला. ३६२ ठिकाणी थांबून खोली मोजली, पाणी घेतलं, तळाचा चिखल वर काढला. मार्च १८७५ मध्ये पश्चिम प्रशांत महासागरात तर ८,१८४ मीटर खोलीची नोंद झाली. शिश्याचं वजन दोराला बांधून खाली सोडायचं, एवढ्यावरच हे सगळं चाललं होतं.

काम मात्र महाकंटाळवाणं होतं. खोल पाण्यात जाळं सोडून परत वर ओढण्यात अख्खा दिवस जायचा आणि वर काय यायचं? तर बऱ्याचदा नुसता चिखल. कितीतरी खलाशी बंदरात उतरले ते परत फिरकलेच नाहीत. शास्त्रज्ञांपैकी रुडॉल्फ फॉन विलेमोस-झूम हा तरुण जर्मन प्रवासातच आजारी पडून गेला आणि त्याला समुद्रातच मूठमाती मिळाली.

बाकीच्यांनी विचित्र मासे, खेकडे, प्रवाळ असे आकर्षक विषय वाटून घेतले होते. मरे यांच्या वाट्याला आला तो चिखल. आणि दुसरं काम म्हणजे पाण्याच्या वरच्या थरात बारीक जाळी ओढून जे सापडेल ते तपासणं.

साहेब चुकतायत हे सांगायचं कसं?

समुद्राच्या तळावर बऱ्याच ठिकाणी पांढरट, खडूसारखा चिखल सापडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की त्यात चुनखडीची गोल गोल इवली कवचं दिसायची. हे ग्लोबिजेरिना नावाच्या एकपेशीय जीवांचे शंख.

आता प्रश्न असा होता की हे जीव राहतात कुठे?

थॉमसन साहेबांचं मत पक्कं होतं. कवचं तळावर सापडतात म्हणजे जीवही तळावरच जगतात. ते हे मत जाहीरपणे मांडून बसले होते आणि ते मोहिमेचे प्रमुख होते, नावाजलेले प्राध्यापक होते. त्यांच्यासमोर मरे म्हणजे पदवी नसलेला, ऐनवेळी घेतलेला सहायक.

मरे रोज बारीक जाळी ओढत राहिले. जहाज जिथे जिथे गेलं तिथे वरच्या पाण्यात त्यांना हेच जीव जिवंत सापडू लागले. एवढंच नाही, तर ज्या भागात वरच्या पाण्यात जी जात तरंगत होती, त्याच जातीची कवचं त्या भागातल्या तळाच्या चिखलात होती. उबदार समुद्रात उबदार पाण्याच्या जाती, थंड समुद्रात थंड पाण्याच्या.

याचा अर्थ सरळ होता. हे जीव उघड्या समुद्रात, वरच्या पाण्यात जगतात. मेले की त्यांची कवचं हजारो मीटर खाली पडत राहतात, जणू चुनखडीचा भुरभुर पाऊस. तळाचा चिखल म्हणजे त्या पावसाचा साठलेला थर.

थॉमसन यांचा मोठेपणा असा की पुरावा बघितल्यावर त्यांनी हट्ट धरला नाही. आपलं आधीचं मत चुकलं हे त्यांनी जाहीरपणे मान्य केलं आणि श्रेय मरे यांना दिलं.

मग खोल पाण्यात शंख जातात कुठे?

पण एक कोडं उरलंच होतं.

१८७३ मध्ये जहाज टेनेरिफ बेटाकडून वेस्ट इंडिजकडे जात होतं. समुद्र जसजसा खोल होत गेला, तसतसा तळाचा पांढरा चिखल आधी करडा झाला आणि मग चक्क लालसर मातीत बदलला. त्या मातीत शंखांचा मागमूस नव्हता. वरच्या पाण्यात जीव तर तेच होते, पाऊसही तोच पडत होता. मग तळावर शंख का नाहीत?

मरे यांनी पुढच्या सगळ्या प्रवासातले नमुने खोलीप्रमाणे लावले आणि त्यातून एक शिस्तबद्ध क्रम दिसला.

कमी खोलीवर सगळ्या प्रकारचे शंख सापडतात. आणखी खाली गेलं की आधी टेरोपॉडचे शंख नाहीसे होतात. टेरोपॉड म्हणजे समुद्रात पंखांसारखे अवयव हलवत पोहणाऱ्या इवल्या गोगलगायी, त्यांना समुद्री फुलपाखरं म्हणतात. त्यांचे शंख काचेसारखे पातळ. त्याहून खाली ग्लोबिजेरिनाची जाड कवचंही झिजलेली दिसतात. आणि साडेचार-पाच हजार मीटरच्या खाली चुनखडी जवळपास संपते, उरते ती लाल माती.

म्हणजे शंख खाली पडतात, पण वाटेत आणि तळावर विरघळून जातात. समुद्राच्या पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड त्यांना खातो. जो शंख नाजूक, तो आधी जातो.

लाल माती नेमकी कशाची यावर थॉमसन आणि मरे यांच्यात मतभेद राहिले. थॉमसन म्हणायचे की ही विरघळलेल्या शंखांची उरलेली राख आहे, तर मरे यांचा भर ज्वालामुखीच्या राखेवर होता. पण चुनखडी विरघळते यावर दोघांचंही एकमत होतं.

शाळेतली चुन्याची निवळी आठवतेय?

हे नेमकं कसं घडतं हे समजायला शाळेतला एक प्रयोग पुरेसा आहे.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुनखडीचे कण तयार होतात. इथवर सगळ्यांना आठवतं. पण त्यापुढे फुंकतच राहिलं तर काय होतं? दुधाळपणा निघून जातो आणि पाणी पुन्हा नितळ होतं. कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की तोच चुनखडीला विरघळवतो.

समुद्रातही हेच घडतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं. त्यातून सुटे होणारे हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला पकडून बसतात. शंख बांधायला लागतं कॅल्शियम आणि कार्बोनेट. कॅल्शियम भरपूर आहे, पण कार्बोनेटच दुसऱ्याने पळवलं तर शंख बांधायचा कशाने? घर बांधायला काढलंय आणि विटांचा ट्रक वाटेतच कुणीतरी अडवलाय, तसला हा प्रकार.

खोल पाणी थंड असतं, तिथे मेलेल्या जीवांच्या कुजण्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि वरून पाण्याचा प्रचंड दाब असतो. त्यामुळे मरे यांना दिसलेली विरघळण्याची क्रिया तिथे आधीपासूनच, नैसर्गिकपणे चालू होती.

मरे यांच्या वेळी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत २९० भागांच्या आसपास होतं. आज ते ४२० च्या वर गेलंय. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. परिणामी वरच्या पाण्याचा पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास आलाय. आकडा किरकोळ वाटतो, पण पीएचची मोजपट्टी अशी आहे की एवढ्याशा फरकात हायड्रोजन आयन २५ ते ३० टक्क्यांनी वाढतात.

समुद्राचं पाणी अजूनही आम्ल झालेलं नाही, ते अल्कधर्मीच आहे. पण त्याची वाटचाल आम्लाच्या दिशेने चालू आहे. आणि मरे यांना ज्या खोलीवर शंख विरघळताना दिसले, ती हद्द हळूहळू वर सरकू लागली आहे. म्हणजे जिथे फक्त मेलेले शंख विरघळायचे, तिथून ही गोष्ट जिवंत जीवांच्या पाण्यात शिरतेय.

पैसे बंद झाले, तरी काम थांबलं नाही

१८७६ मध्ये चॅलेंजर परत आलं तेव्हा खरं काम सुरू झालं. हजारो बरण्या, पेट्या, चिखलाचे नमुने. जगभरातल्या तज्ज्ञांकडे ते पाठवायचे, त्यांच्याकडून अहवाल लिहून घ्यायचे, छापायचे. सरकारी खजिना खर्चावरून कुरकुर करत होता. या ओढाताणीत थॉमसन यांची तब्येत ढासळली आणि १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी ते गेले.

सगळी जबाबदारी मरे यांच्यावर आली. काम लांबत गेलं आणि सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा मरे यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. १८९५ मध्ये अहवाल पूर्ण झाला. एकूण ५० खंड आणि साधारण २९,५०० पानं. त्यात विज्ञानाला नवीन असलेल्या सुमारे ४,७०० जातींची नोंद आहे. १८९१ मध्ये त्यांनी बेल्जियमचे आल्फोन्स रेनार यांच्यासोबत समुद्रतळाच्या गाळावर जो खंड लिहिला, तो पुढे या विषयाचा पायाच ठरला.

पुढे मरे यांच्याकडे मोठा पैसा आला कुठून? तर तेही दगडांच्या नादातून. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरून आलेले दगड मरे यांनी तपासले आणि त्यात फॉस्फेट सापडलं. खतासाठी फॉस्फेट म्हणजे सोनं. १८८८ मध्ये ब्रिटनने ते बेट ताब्यात घेतलं, १८९७ मध्ये कंपनी उभी राहिली आणि मरे श्रीमंत झाले. या बेटातून सरकारला मिळालेला महसूल चॅलेंजर मोहिमेच्या खर्चाहून जास्त आहे, हे ते नंतर आवर्जून दाखवून द्यायचे.

या पैशाला एक काळी बाजूही आहे. खाणीत राबायला चिनी मजूर आणले होते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातले शेकडो जण बेरीबेरीने मेले. मरे यांची कहाणी सांगताना हा हिशोब वगळता येत नाही.

१८९८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. दरम्यान स्कॉटलंडमधली तळी मोजायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. त्यातला तरुण सहकारी फ्रेडरिक पुलर १९०१ मध्ये बर्फ फुटून तळ्यात पडलेल्या लोकांना वाचवताना बुडाला. मरे खचले, काम सोडायच्या बेतात होते. पण फ्रेडरिकच्या वडिलांनीच पैसे दिले आणि काम पूर्ण करायला लावलं. शेवटी ५६२ तळी मोजून झाली.

१९१० मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी नॉर्वे सरकारला सांगितलं की तुम्ही जहाज द्या, खर्च मी करतो. आणि 'मायकेल सार्स' या जहाजावरून ते पुन्हा अटलांटिकमध्ये निघाले.

१६ मार्च १९१४ रोजी एडिंबऱ्याजवळ, आपल्या घरापासून जवळच मोटार उलटून त्यांचा मृत्यू झाला. सगळे महासागर पालथे घातलेला माणूस गेला तो रस्त्यावरच्या अपघातात.

आपल्या अरबी समुद्राशी नातं

मरे यांनी मृत्युपत्रात समुद्र संशोधनासाठी पैसे ठेवले होते. त्या पैशातून १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' हे इजिप्तचं जहाज अरबी समुद्रात आणि हिंदी महासागरात फिरलं. मोहिमेचे प्रमुख होते सेमूर स्युएल, जे आधी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. या मोहिमेत अरबी समुद्राच्या उत्तर भागात पाण्याखाली एक डोंगररांग सापडली. तिचं नाव आजही मरे रिज असं आहे. कोकणच्या किनाऱ्यावर उभं राहून जो समुद्र दिसतो, त्याच्याच पोटात मरे यांचं नाव कोरलेलं आहे.

आणि आज?

मरे यांनी ज्या टेरोपॉडचे शंख सगळ्यात आधी विरघळतात असं दाखवलं, तेच आज धोक्याची घंटा वाजवतायत. त्यांचा शंख अरॅगोनाइट या प्रकारच्या चुनखडीचा असतो आणि तो ग्लोबिजेरिनाच्या कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतो. एका प्रयोगात टेरोपॉडचा शंख २१०० साली अपेक्षित असलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवला, तर साधारण ४५ दिवसांत तो विरघळत गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण महासागरात जिवंत टेरोपॉडचेच शंख झिजलेले सापडले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तपासलेल्या टेरोपॉडपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या शंखांची मोठी झीज झालेली दिसली.

ग्लोबिजेरिनाच्या कुळातली कवचं पातळ होण्यामागे फक्त आम्लीकरण आहे असं संशोधक म्हणत नाहीत. पाणी तापणं, प्राणवायू कमी होणं याचाही हात असू शकतो. ७६ टक्के हा सगळ्या समुद्राचा सरासरी आकडा नाही, तर त्या नमुन्यांमधला सगळ्यात मोठा फरक आहे. सगळ्या जाती सारख्याच भरडल्या जातील असंही नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

एवढ्याशा शंखांचं एवढं काय, असं वाटू शकतं. पण टेरोपॉड खाऊन हेरिंग आणि सॅल्मनसारखे मासे जगतात. आणि मरे यांनी ओळखलेला तो चुनखडीचा पाऊस कार्बनला वरच्या पाण्यातून खोल तळाशी घेऊन जातो. कवचंच पातळ झाली तर त्या पावसाचं गणितही बदलतं.

चॅलेंजर निघालं तेव्हा पीएच ही मोजपट्टीच जन्माला आली नव्हती, ती आली १९०९ मध्ये. समुद्राचं आम्लीकरण हा शब्द तर मरे यांनी ऐकलाही नसेल. त्यांनी फक्त प्रत्येक नमुना कुठून आला, किती खोलीवरून आला, कोणत्या तारखेला आला हे लिहून नीट ठेवलं.

त्या नोंदी नसत्या, तर आजचे शंख पातळ आहेत हे सांगायला तुलना कशाशी केली असती?